अर्पेनिकचा मांडव

अर्पेनिकची उंची चार फूट दहा इंच. आणखी दोन इंच असती तर रझमिकच्या घराण्याची वाइन केव्हाच नासली असती, असं ती स्वतःच सांगते, आणि ते खोटं म्हणायची वरच्या वार्दाशेन गावात कुणाची छाती नाही.

रझमिक तिचा नवरा. त्याच्या घराच्या तळघरात सात रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले आहेत, एकेकात माणूस उभा बुडेल एवढे खोल. दरवर्षी द्राक्षांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी कुणालातरी आत उतरून ते घासावे लागतात, धुवावे लागतात, आतून मेण लावावं लागतं. रांजणाचं तोंड असं की रझमिकचं डोकं आत जातं, खांदे बाहेर अडकतात. अर्पेनिक लग्न करून आली तेव्हा सासूने तिला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाली, "पोरगी मापाची आहे." सुनेचं कौतुक त्या घरात तेवढंच झालं. पण अर्पेनिकने ते चाळीस वर्षं जपून ठेवलंय.

रांजणात उतरण्याआधी दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडायची. ती विझली तर आतली हवा वाईट, मग त्या दिवशी काम नाही. तेवत राहिली तर अर्पेनिक उतरणार. कमरेला दोर, दोराचं टोक रझमिकच्या हातात. आणि आत असेपर्यंत तिने मोठ्याने गात राहायचं, हा सासूने घालून दिलेला नियम. गाणं थांबलं की दोर ओढायचा, काही विचारत बसायचं नाही.

"बायको गप्प झाली की ज्याच्या पोटात गोळा येतो, असा अख्ख्या देशात मी एकटाच नवरा," रझमिक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

"आणि बायको खड्ड्यात असताना ज्याचं तिच्याकडे लक्ष असतं असाही तूच एकटा," आतून उत्तर येतं. रांजणातून येत असल्यामुळे ते चार घरांना ऐकू जातं.

तरुणपणी ती सरकारी वाइन कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, रसातली साखर मोजायची, आंबटपणा मोजायचा. मोजायच्या आधी ती जिभेवर थेंब ठेवून आकडा सांगायची आणि मग नळीत बघायची. नळी सहसा तिच्या बाजूने असायची. पुढे देश मोडला, कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. ना वीज ना गॅस, असे हिवाळे आले. त्या हिवाळ्यांत गेवोर्ग रांगायला लागला. तिचा एकुलता एक मुलगा. तेव्हा अर्पेनिकने हमरस्त्याच्या कडेला एक टेबल टाकलं आणि कोलाच्या रिकाम्या बाटल्यांत घरची वाइन भरून विकायला बसली. इराणचे ट्रकवाले थांबायचे. त्यांच्याकडे दारूला बंदी, म्हणून घरी नेताना बाटलीत कोला दिसायला हवा होता आणि चव मात्र वेगळी हवी होती, त्यामुळे धंदा बरा चालला. पण ते दिवस आठवले की अजून तिचं तोंड कडू होतं. "माझ्या रांजणातली वाइन आणि अंगावर दुसऱ्याचा सदरा," ती म्हणते.

एके वर्षी तिच्या टेबलापाशी दोन परदेशी सायकलवाले थांबले. त्यांनी कोलाच्या बाटलीला नाक लावलं, एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा नाक लावलं. अर्पेनिकला वाटलं, नावं ठेवतायत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांचे दंड धरून तिने त्यांना घरी नेलं, तळघरात उतरवलं, रांजणावरची माती आणि झाकण दूर केलं आणि लांब दांड्याच्या डावाने सरळ त्यातली वाइन काढून दिली. दोघं तीन दिवस हलले नाहीत. नंतर त्यांनी कुठे काय लिहिलं ते तिला माहीत नाही, पण लोक यायला लागले. आधी दोन-दोन, मग गाडीभर. मग राजधानीहून, येरेवानहून वाहाग्न आला, सहली काढणारा, आणि अर्पेनिकचं तळघर त्याच्या कागदावर चढलं.

गाइड म्हणून ती कुठे शिकली नाही. तिची सहल मातीपासून सुरू होते. गाडीतून उतरलेल्या माणसाला ती आधी मळ्यात नेऊन ढेकूळ फोडायला लावते, हात खराब झाल्याशिवाय तळघराचं दार उघडत नाही. रिकाम्या रांजणात डोकं घालून वास घ्यायला लावते. ऑक्टोबरात आलात तर भरलेल्या रांजणाला कान लावायला लावते. आत रस उकळत असतो, त्याचा आवाज ऐकून मोठमोठे लोक पोरांसारखे हसतात. वाहाग्न शेजारी उभा राहून तिचं बोलणं परदेश्यांच्या भाषेत सांगतो.

कुणीतरी हमखास त्या गुहेचं विचारतं. आमच्यापासून जवळच अरेनीपाशी ती गुहा आहे. सहा हजार वर्षांपूर्वी तिथे द्राक्षं तुडवत होते, रांजण पुरत होते, असं शास्त्रज्ञांनी सांगितलंय. अर्पेनिकचं उत्तर ठरलेलं आहे.

"त्यांचेही रांजण कुणीतरी घासतच असेल ना?" ती कमरेवर हात ठेवून म्हणते. "ती बाई माझ्याच उंचीची असणार. लिहून घ्या."

आणि खरोखर लोक लिहून घेतात!

गेवोर्ग मात्र रोस्तोवला होता. अकरा वर्षं झाली, तिथल्या फळांच्या घाऊक बाजारात पेट्या उतरवायचं काम. आमच्या गावातल्या निम्म्या घरांतला एक तरी पुरुष रशियात असतो, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नाही. पण अर्पेनिकच्या मनातून ते कधी गेलं नाही. तो हंगामात दोन-तीन आठवडे यायचा, द्राक्षं तोडायचा, तुडवायचा, आणि रांजणात रस उकळायला लागला की निघून जायचा. त्याने पायाने तुडवलेली वाइन परक्यांनी प्यायची आणि त्याने ती चाखायचीच नाही, हे तिला सलायचं.

यंदा वसंतात वाहाग्न खास भेटायला आला. परदेशातली एक मोठी कंपनी त्याच्याशी बोलत होती. ऑगस्टात त्यांची बारा माणसं बघायला येणार. त्यांना आवडलं तर पुढच्या वर्षापासून दर आठवड्याला दोन गाड्या.

"एवढं तुमच्या दोघांना झेपणार नाही, अर्पेनिककाकू. घरचा माणूस लागेल," वाहाग्न म्हणाला. "गेवोर्गला बोलावून घ्या."

त्याच संध्याकाळी तिने रोस्तोवला फोन लावला. गेवोर्गने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, हे जमलं तर मी या पेट्यांना रामराम ठोकतो."

"जमेल रे राजा, तुझी इडापिडा मला लागो. जमायला काय झालं?" ती म्हणाली. फोन ठेवून ती तळघरात गेली आणि सातही रांजणांच्या गळ्यांवरून हात फिरवून आली.

वाहाग्नने तारीख कळवली तेव्हा पंचाईत झाली. शनिवार. नेमका देवमातेच्या सणाचा आदला दिवस.

आमच्याकडे त्या रविवारी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात नव्या द्राक्षांना आशीर्वाद मिळतो. तोवर नवं द्राक्ष कुणी तोंडात टाकत नाही. मळ्यातली वाइनची द्राक्षं तर तेव्हा आंबटच असतात, ती सप्टेंबरच्या शेवटी तयार होतात. पण अर्पेनिकच्या अंगणातल्या मांडवावर लवकर पिकणारी, खायची द्राक्षं आहेत. ऑगस्टात ती मधासारखी होतात आणि घड अगदी डोक्याला लागतात. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने सणाआधी एकही द्राक्ष खाल्लेलं नव्हतं. गेवोर्ग लहानपणी मांडवाखाली मान वर करून उभा राहायचा आणि दिवस मोजायचा.

वाहाग्नच्या छापील कार्यक्रमात ओळ होती: मांडवाखाली बसा, हाताने तोडा, खा.

"एक दिवस पुढे ढकल," अर्पेनिकने त्याला फोनवर सांगितलं.

"रविवारी ते ताटेवच्या मठात. सगळं ठरलंय, काकू. द्राक्षंच तर खायची आहेत! तेही परक्यांनी. त्यांना कुठला सण?"

"मांडव तर माझा आहे ना?"

"बघा काहीतरी."

आणि अर्पेनिकने खरंच काहीतरी बघितलं. तिने ठरवलं, टेबलावर इतकं वाढायचं की कुणाला मान वर करायची फुरसतच मिळू नये. आमच्या बायकांना कुठल्याही संकटावर हाच एक उपाय ठाऊक आहे. दोन दिवस चूल विझली नाही. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला खिमा, नदीतले मासे, निखाऱ्यावरचं मांस, तंदूरमधून नुकते काढलेले लवाशचे पातळ रोट, चीज, मुळे, तुळशीसारख्या वासाचा जांभळा पाला, कोवळ्या अक्रोडांचा मुरंबा.

रझमिक टेबलाकडे बघून म्हणाला, "बारा माणसं येणार आहेत की बारा बैल?"

"तू खाऊ नकोस म्हणजे पुरेल," ती म्हणाली.

शनिवारी गाडी आली. अर्पेनिकने त्या दिवशी जी सहल केली तशी तिनेही आधी कधी केली नव्हती. ढेकळं फोडून झाली, रांजणांचे वास घेऊन झाले. मग तिने काय करावं? मेणबत्ती सोडली, कमरेला दोर बांधला आणि बाराजणांच्या डोळ्यांदेखत सातव्या रांजणात उतरली. आत जाऊन असं काही गायली की तळघराच्या भिंती घुमल्या. वर आली तेव्हा टाळ्या थांबेनात. रझमिक दोर गुंडाळत उभा होता, पण त्याची मान अशी काही ताठ झाली होती, जणू तोच गाऊन आला होता. वाहाग्न तिच्या कानाशी पुटपुटला, "झालं, काकू. आपलंच आहे हे. गेवोर्गला तिकीट काढायला सांगा."

मग सगळे मांडवाखाली जेवायला बसले. जेवण उत्तम चाललं. तिसऱ्यांदा पेले भरले गेले, दूर असलेल्यांच्या नावाने. आणि तेव्हाच एक उंच बाई उठली, हातातला कागद वाचला, हसली, मान वर केली आणि हात उंचावून एक द्राक्ष तोडलं.

ते ओठांपर्यंत पोहोचायच्या आत अर्पेनिकने तिचं मनगट धरलं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून ती तिथे कशी पोहोचली ते रझमिकलाही कळलं नाही.

"उद्या," अर्पेनिक म्हणाली.

 वाहाग्नचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने परदेशी भाषेत घाईघाईने काहीतरी सांगितलं, हसून दाखवलं, आणि मग तिच्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "हात सोडा, काकू. काय चालवलंय? एवढा दिवस सोन्यासारखा गेला."

"त्यांना सांग, उद्या दुपारी या. घडच्या घड तोडा, मांडव रिकामा करा. आज नाही."

"उद्या ते इथे नाहीत! कितीदा सांगू?" मग त्याने आवाज आणखी खाली आणला. "मुलगा परत यायला हवाय ना तुम्हाला?"

हे मात्र तिला लागलं. तिची बोटं क्षणभर सैल झाली, हे मी उगीच लपवणार नाही. एका द्राक्षाने काय बिघडतं, असं तिच्याही मनात आलं. देव काही मांडवाखाली मोजत बसलेला नाही. समोर गेवोर्गचा चेहरा आला, त्याच्या पाठीवरच्या पेट्या आल्या. मग तिने त्या बाईच्या हातातून ते द्राक्ष हळूच काढून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि तिच्या हातावर थोपटलं, आपल्या पोरीच्या हातावर थोपटावं तसं.

"माझ्या घरात नाही," ती म्हणाली.

वाहाग्नने घड्याळ बघितलं. त्याला कार्यक्रम पुरा करायचा होता. अर्ध्या तासात गाडी गावाच्या खालच्या टोकाला, झोराच्या दारात उभी होती. झोराने नवा हॉल बांधलाय, चकचकीत स्टीलच्या टाक्या ठेवल्यात आणि छताला प्लॅस्टिकचे घड टांगलेत. त्याने तालुक्याच्या बाजारातून आणलेली द्राक्षं पाहुण्यांपुढे ठेवली. स्वतः मात्र एकही चाखलं नाही. "बाजारची आहेत, आपल्या वेलीची नाहीत," असं तो बायकोला समजावत होता, आणि बायको त्याच्याशी बोलत नव्हती. अंधार पडायच्या आत बातमी वर आली: पुढच्या वर्षीच्या गाड्या झोराकडे.

अर्पेनिकने उरलेलं अन्न शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोहोचवलं, भांडी घासली. रझमिक पायरीवर बसला होता. तो काहीतरी टोमणा मारणार, असं तिला वाटलं.

"बोल की," ती म्हणाली. "आज तुझा दिवस आहे."

"काय बोलू? माझ्या आईने मनगट धरलं नसतं," तो म्हणाला. "तिने सरळ लाटणं घेतलं असतं."

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. "आता गेवोर्गला काय सांगू रे?"

 फोन तिने चारदा हातात घेतला आणि चारदा ठेवला.

रविवारी देवळाच्या अंगणात अख्खं गाव जमलं. पांढऱ्या फडक्यांवर द्राक्षांच्या टोपल्या मांडल्या होत्या. अर्पेनिकची टोपली सगळ्यांत मोठी. कालचा अख्खा मांडव तिने सकाळी उतरवला होता. झोरा कोपऱ्यात उभा होता आणि तिची नजर चुकवत होता. तेर हुसिक हे आमचे पाद्री; त्यांनी प्रार्थना म्हटली, टोपल्यांवर क्रूस धरला, आशीर्वाद दिला. पोरांनी टोपल्यांवर झडप घातली. तेवढ्यात अर्पेनिकच्या खिशातला फोन वाजला. गेवोर्ग होता.

"आई, झाला आशीर्वाद?"

"झाला. पण आधी ऐक." तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. रांजण, टाळ्या, ती उंच बाई, वाहाग्न, झोरा. "गेलं बाळा ते. माझ्या हाताने घालवलं मी."

पलीकडे ट्रकचे आवाज येत होते, माणसं ओरडत होती.  गेवोर्गने विचारलं, "त्यांच्यातल्या कुणी खाल्लं?"

"काय?"

"आपल्या मांडवातलं. कुणी एक तरी खाल्लं का?"

"नाही. एकीने तोडलं होतं. मी काढून घेतलं हातातून."

तो एकदम हसायला लागला. "आई, जुलैपासून माझ्या चारी बाजूंना द्राक्षांच्या पेट्या असतात. अकरा उन्हाळे झाले. सगळे येता-जाता तोंडात टाकतात आणि मला येडा म्हणतात. दरवर्षी या दिवसापर्यंत मी एकाला हात लावला नाही."

अर्पेनिकला हे माहीतच नव्हतं. त्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि तिने कधी विचारलं नव्हतं. परक्या गावात, एकटा, उपाशीपोटी पेट्या वाहणारा पोरगा असलं काही पाळत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"काल तू ती खाऊ दिली असतीस," तो म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता, "तर मी अकरा वर्षं कोणत्या घराची आठवण धरून बसलो होतो?"

तिने नाक ओढलं.

"रडू नकोस. वाहाग्न बोलावणार म्हणून येणार होतो का मी? सप्टेंबरच्या शेवटी निघतो, आणि यंदा परत जायला नाही. गाड्या आल्या तर आल्या. नाहीतर रस्त्यावर टेबल टाकू, आपल्या नावाच्या बाटल्यांत भरून विकू. ऐकतेयस ना? हातात आहे का एखादं?"

"आहे."

"माझ्याही. चल, खा."

दोघांनी एकदमच खाल्लं. रोस्तोवमध्ये त्याच्या दाताखाली बी फुटल्याचं तिला ऐकू आलं.

मग अर्पेनिक फोन कानाला तसाच धरून मागे वळली, टाचा उंचावून उभी राहिली, आणि रांजणात गाते त्या आवाजात अख्ख्या अंगणाला, तेर हुसिकना आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यातल्या झोराला ऐकू जाईल असं ओरडली, "ऐका रे सगळे! माझ्या गेवोर्गने अकरा वर्षं तिथे द्राक्षांत बुडून राहून सणाआधी एक द्राक्ष तोंडात घातलेलं नाही!"